धरलेली जागा

रघुवीरने पाठवलेल्या कागदावर गेलेले सगळेच्या सगळे मनमिळाऊ होते. बिरवाडीचा महिपती मनमिळाऊ, हसतमुख, कष्टाळू. नाते गावची कालिंदी मनमिळाऊ, हसतमुख, सोशिक. सईने कागद खाली ठेवला आणि मांडीवरच्या मुकुलला म्हणाली, "बघ रे बाबा, गेल्यावर माणसाचा स्वभाव कसा सुधारतो!" कालिंदीने तर गॅदरिंगच्या नाटकात राणीचं काम मिळालं नाही म्हणून अख्खं वर्ष अर्ध्या वर्गाशी अबोला धरला होता. सोशिक म्हणे!

दोन हजार दोनच्या जानेवारीत महाडच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरायचा होता. रघुवीरचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान, म्हणून मंडप-खुर्च्यांपासून सगळं त्याच्याच गळ्यात. सुरुवातीला गेलेल्या मित्रमैत्रिणींना श्रद्धांजली, टेबलावर हार घातलेले फोटो, समई, आणि प्रत्येकावर चार ओळी. त्या ओळी वाचायचं काम सईकडे, कारण कॉलेजात ती वक्तृत्वाला जायची.

सईने कागद बाजूला सारला आणि स्वतःच लिहायला घेतलं. मुकुल झोपला की लिहायचं, कुकरची दुसरी शिट्टी झाली की उठायचं. महिपतीवर लिहिलं की तो अख्ख्या वर्गाच्या वह्या सुंदर अक्षरात पुऱ्या करून द्यायचा आणि स्वतःची कोरी ठेवून शिक्षा भोगायचा. कालिंदीवर राणीचंच लिहिलं. मग तिच्या लक्षात आलं, कागदावर रिझवाना नाहीच.

ती मुकुलला कडेवर मारून तशीच दुकानात गेली.

"अरे रघुवीर, रिझवाना कुठाय?"

रघुवीर खिळे तोलत होता. "तिच्या घरून फोटो देत नाहीत. दोनदा माणूस पाठवला पोलादपूरला. म्हातारी म्हणाली, नाय म्हणजे नाय."

"मग फोटोशिवाय घे."

"सगळ्यांचे फोटो आणि हिच्या जागी काय, पाटी ठेवू? बरं दिसत नाही ते, सई. आणि घरच्यांनाच नको असेल, तर आपण कशाला जबरदस्ती करायची? नाव वगळलं की प्रश्न मिटला."

"प्रश्न मिटला, पण मग रिझवाना कॉलेजात नव्हतीच का?"

"तू भांडू नकोस गं. त्यांचा होकार आण, मी नाव घेतो. आणि चार ओळी म्हणजे चारच. कादंबरी नको."

सई घरी आली, पण मन लागेना. रिझवाना आणि ती दोघी पोलादपूरच्या. पाच वर्षं एकाच एसटीने महाडला आल्या-गेल्या. पुढे सईचं लग्न महाडातच झालं आणि रिझवाना नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. वर्षभरात तिकडेच आजारी पडली, आठवड्याभरात सगळं संपलं. दफनही तिकडेच. पोलादपूरला फक्त फोन आला. आता कॉलेजातही तिचं नाव कुणी घेणार नसेल, तर ती आली होती कुठे आणि गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सई मुकुलला घेऊन महाडच्या स्टॅंडवर आली. पोलादपूरची गाडी आत वळली तशी तिच्यामागोमाग गर्दी धावली. एका हातात मूल, खांद्याला पिशवी. सईने मुकुलच्या गळ्यातलं लाळेरं सोडलं आणि उघड्या खिडकीतून सीटवर टाकलं. वर चढून पाहते तो, सीट रिकामी. शेजारी टेकलेले आजोबा म्हणाले, "बस गो बाय. वलं हाय, पन तुजंच हाय." सई हसली. हात विसरला नव्हता. शिकवलं होतंच तसं एकीने.

रिझवानाच्या आईचं, नसीबाचाचीचं घर मशिदीमागच्या आळीत. चाची ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सईला बघून ती उठली, मुकुलला आधी घेतलं, मग सईकडे पाहिलं.

"सई गो, किती वाळलीस! ह्यो मेला सगला तुजाच पितो वाटता."

चहा झाला, बिस्किटं झाली. सईने विषय काढल्याबरोबर चाचीचा चेहरा मिटला.

"त्या दुकानदाराने पाठवलीन ना तुला? सांग त्याला, फोटो नाय द्यायचा. हार घालून, दिवा लावून उभी करनार माझ्या पोरीला? आमच्यात नाय तसा. आनि वरती काय वाचतील, लय चांगली होती, लय गुनी होती. ता मी ऐकलाय. सगले तेच बोलून गेले, चाय पिऊन गेले."

"फोटो नको चाची. हारही नको. फक्त नाव. आणि मी लिहिणार आहे."

"काय लिवशील?"

सईने पिशवीतला कागद काढला. त्यावर रिझवानाचं नाव होतं आणि खाली काहीच नव्हतं. ती तसाच हातात धरून बोलायला लागली.

"चाची, आमच्यात सगळ्यात उंच तीच. संध्याकाळी गाडी लागली की आम्ही सगळ्या आपापले रुमाल तिच्या हातात द्यायचो. गाडी थांबायच्या आत ती खिडकीतून धडाधड जागा धरायची. कुणाची जागा कुठली, यावर भांडण झालं तर निवाडाही तिचाच. एकदा काय झालं, रुमाल संपले आणि मी राहिले. तर तिने पायातली चप्पल काढली आणि टाकली आत!"

चाचीचे तांदळातले हात थांबले. "कवा?"

"सेकंड इयरला. आणि नेमकी कंडक्टरने पाटी बदलली. पोलादपूर काढून चिपळूण लावली, जलद गाडी. आम्हाला चढूच देईनात. रिझवाना खाली, चप्पल वर, आणि गाडी सुटली."

"थांब, थांब." चाचीने सूप बाजूला केलं. "लाल पट्ट्याची?"

"लाल पट्ट्याची."

"अगो, ईदला घेतलेली ती! मला म्हनली, कुत्र्याने नेलान! मी तिन्हीसांजेला आळीभर कुत्र्याच्या मागे काठी घेऊन फिरली गो! त्या महादूचा कुत्रा, बिचारा, त्याला दोन फटके पन घातले मी!"

"आणि ती?"

"ती दारात उभी र्‍हावून मला वाट दाखवत होती. 'तिकडं गेला, अम्मी, तिकडं!'"

दोघी हसत सुटल्या. मुकुलने आधी रडायचं तोंड केलं, मग तोही हसला. सई म्हणाली, "पुढचं ऐका. दोन दिवसांनी तोच कंडक्टर स्टॅंडवर भेटला. म्हणाला, ताई, तुझी चप्पल चिपळूणपर्यंत बसून आली, तिकीट कोण काढणार? गाडीत उभं राहायला जागा नव्हती, अख्खा कशेडी घाट एक म्हातारा दांडीला लोंबकळत होता. त्याला म्हटलं बसा, तर म्हणाला, कसा बसू, जागा धरलेली हाय."

चाची हसता हसता थांबली. पदराने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ मुकुलच्या तळव्यावर बोट फिरवत राहिली.

"सई गो," ती म्हणाली, "ती गेल्यापासून तिचा नवा काय मिळालाच नाय मला. जा हाय ता सगला जुना. तेच फिरवून फिरवून आठवते. आज तू नवा आनलास."

सईने पिशवीतून पेन काढलं.

"ता चपलेचा लिव. तेवढाच लिव. लय गुनी होती असा लिवशील तर घरात घेनार नाय तुला."

"आणि तुम्ही यायचं मेळाव्याला."

"मी काय करू तिथं शिकलेल्यांत? मला कोन वळखतंय? जागा तरी मिळंल का बसायला?"

"जागेचं माझ्याकडे लागलं," सई म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरून गेला. मुंबईहून, पुण्याहून माणसं आली होती, मागे भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर मुकुलचं लाळेरं पडलेलं. रघुवीर घामाघूम होऊन ते चिमटीत उचलायला गेला. "सई, हे काय? पाहुण्यांची बायको उभी आहे तिकडे!"

सई काही म्हणायच्या आत मागून त्यांच्याच वर्गातला उझैर ओरडला, जो आता बिरवाडीत टेम्पो चालवायचा, "ए रघ्या! रुमाल हाय ना तिथं?"

"रुमाल नाही, लाळेरं आहे!"

"धरलेली जागा हाय ती! पोलादपूरच्या गाडीने गेलायस ना कधी?"

मागच्या चार रांगा हसल्या. रघुवीरसुद्धा त्याच गाडीचा. त्याने लाळेरं होतं तिथे परत ठेवलं, नीट पसरून ठेवलं, आणि पाहुण्यांच्या बायकोसाठी स्वतःची खुर्ची उचलून नेली.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, खुर्ची रिकामीच. सई दाराकडे बघत महिपतीवरचं वाचत होती, कालिंदीवरचं वाचत होती. राणीच्या गोष्टीला कालिंदीचा भाऊ मोठ्याने हसला आणि मग चष्मा काढून बसला. एवढ्यात दारात पांढरी ओढणी दिसली. चाची चप्पल बाहेर काढून आत आली होती आणि इकडेतिकडे बघत उभी होती. उझैरने तिला हाताला धरून पुढे आणलं.

चाचीने खुर्चीवरचं लाळेरं पाहिलं. उचललं, घडी केली, शेजारच्या खुर्चीवरल्या सईच्या सासूकडून मुकुलला मांडीवर घेतलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं. मग खुर्चीत रेलून बसली आणि मान वर करून सईला म्हणाली, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात,

"हां. वाच आता. कुत्र्यापासून वाच."