उंबऱ्याबाहेरचा जांभा

"वाटेच्या धन्या, वाट दे,
आधी तू घे, मग त्यांना दे..."

एफुनयेमीचा हा आवाज रोज सकाळी माझ्या डोक्यावर उतरे आणि पाठोपाठ तांबड्या पामतेलाची धार.

मित्रांनो, मी एक जुना जांभा दगड आहे. इसेयिन गावातल्या एका उंबऱ्याबाहेर पाच पिढ्या अर्धा पुरलेला. योरुबा माणसं मला एशू म्हणत. माणसांचं मागणं देवांकडे न्यायचं, हे माझं काम. म्हणून पहिला घास माझा. मला वर्ज्य एकच, पामच्या बियांचं काळं तेल. ते ज्याचं नाव घेऊन माझ्यावर ओतावं, त्याच्यावर माझा कोप होतो, अशी समजूत.

नवसानं एफुनयेमीला मुलगा झाला. नाव एशुबियी, एशूनं दिलेला. सवतीचा मुलगा आकांदे त्याला चिडवी, "ए दगडाच्या पोरा! बापाला हाक मार की, ऊठ म्हणावं!" सगळं अंगण हसे.

एका दुपारी माझ्यावर काळं तेल पडलं. ओतणारे हात मी ओळखले. चौथ्या दिवशी आकांदे तापानं गेला. त्या आठवड्यात गावातली आणखी चार पोरं तशीच गेली, पण सवतीला दिसला फक्त माझ्यावरचा काळा ओघळ.

"चेटकिणी, माझं लेकरू खाल्लंस!" ती एफुनयेमीच्या तोंडावर थुंकली.

एफुनयेमी गप्प राहिली. नवऱ्यानं तिचा उजवा हात चुलीत धरला, तरी गप्पच. बोटं कायमची आखडली. मग ती डाव्या हातानं तेल घाली. देवाला डावा हात! बायका नाकं मुरडत. मला चाले.

पुढं कित्येक वर्षांनी एशुबियी शहरातून पाद्री होऊन आला, तो नावातला एशू पुसून जेसुबियी होऊन.

"आई, हा सैतान आहे. आपल्या भाषेतल्या पवित्र पुस्तकात सैतानाच्या जागी याचंच नाव लिहिलंय."

"लिहिणारा कधी आपल्या उंबऱ्यावर बसला होता का रे?"

सैतान उतरावा म्हणून त्यानं म्हाताऱ्या आईला तीन दिवस खांबाला बांधून उपाशी ठेवलं. चौथ्या दिवशी तिला सोडून तो घण घेऊन आला. ती माझ्यावर आडवी पडली. त्याच्याबरोबर आलेल्या भक्तांनी तिला केसांना धरून ओढलं. तीन घावांत माझे चार तुकडे झाले.

मित्रांनो, एखादी खूण फोडावीशी वाटली, तर तिला रोज तेल घालणाऱ्या हाताला आधी विचारा. माझ्या वेळी कुणी विचारलं नाही.

"यानंच आकांदेला मारलं!" धापा टाकत तो ओरडला. "यानंच तुझा हात जाळला!"

एफुनयेमीनं धुळीतला माझा एक तुकडा डाव्या हातानं उचलला, पदरानं पुसला.

"एशुबियी," तिनं जुन्याच नावानं हाक मारली, "त्या दुपारी मी दारामागे होते. काळ्या तेलाची वाटी तुझ्या हातात होती."