पावणं लिहिलं, तिथंच घोटाळा झाला

पुष्पाताईंनी उभ्या जन्मात कुणाला उपरं म्हटलं नव्हतं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

त्या येडगावच्या अलीकडच्या एका वाडीच्या पोलीस पाटील. टाळेबंदीच्या तोंडावर पाकिस्तानातल्या सिंधमधून वीरजी, त्याची बायको हीरां आणि दोन लेकी वाडीत आल्या. तिकडं जगणं नकोसं झालेलं. नारायणगावच्या रूपचंदशेठांनी त्यांना आपल्या मळ्यातली खोली दिली. त्यांची बोली मारवाडीच्या जवळची आणि शेठ घरी मारवाडी बोलायचे, म्हणून निदान बोलणं तरी जुळायचं.

राहण्याच्या परवानगीचा अर्ज गेला. कचेरीत जायला बंदी, म्हणून सगळा कारभार मोबाइलवर. पाटलांचा अहवाल हवा होता. ताईंनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर कुटुंब आमच्या गावचे पाहुणे असून स्वभावाने गरीब आहे.’

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तीनला कारकुनाचा फोन आला. “बाई, पाहुणे लिहिलंय तुम्ही. पाहुणा परत जातो. त्याला वर्षाची परवानगी कशी देणार? पाचच्या आत नवा अहवाल पाठवा, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसकट. नाहीतर अर्ज रद्द.”

रद्द म्हणजे टाळेबंदी उठून सरहद्द उघडली की माघारी. ताईंनी घाईनं नवा अहवाल लिहिला, ‘पाहुणे’ गाळून ‘रहिवासी’ घातलं. चौघांच्या अन्नात आपणच माती कालवली! पावणं म्हणायची मेली सवय, दुधाच्या गाडीवाल्यालाही पावणंच म्हणायचं!

कोरोनाच्या भीतीनं दारं बंद. मळ्याशेजारच्या राघूनं खिडकीतून हात काढला. “सही करतो, ताई. पण पेन माझं!”

दुसरी सही मिळेना. शेवटी मळ्यापलीकडं राहणारी म्हाळसाबाई मेंढरांमागं चालली होती, तिला गाठली. म्हातारी भडकलीच. “पावणं? महिना झाला, माझ्या कोकरांना पाणी पाजतोय त्यो वीरजी. ह्याला पावणं म्हणत्यात व्हय?” आणि तिनं अंगठा उठवला.

रेंज नव्हती. ताई येडगाव धरणाच्या भिंतीकडं धावल्या. पाचला दहा कमी असताना कागदाचा फोटो गेला. पाच वाजले. काहीच नाही. सव्वापाचला मोबाइल वाजला. परवानगी मंजूर, एक वर्ष.

ताईंनी मळ्यात जाऊन सांगितलं, शेठांनी मारवाडीत. वीरजीनं ताईंना हात जोडले. हीरांनं मात्र हळूच काहीतरी विचारलं.

शेठांनी ते मराठीत सांगितलं. “ती विचारतीय, आता गाठोडी सोडू का?”

आल्यापासून एकही सोडलं नव्हतं. ताईंनी मान डोलावली. गाठी अशा बसल्या होत्या, की हीरांला त्या दातांनी सोडाव्या लागल्या.