मागील सभेचे इतिवृत्त

मंडळावर नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा इंदिरानगरच्या घरात मी एकटीच मोठ्याने हसले. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि एकाही हेडमास्तरांचं निमूट ऐकून घेतलं नाही, म्हणून स्टाफरूममध्ये मला ‘तिखट बाई’ म्हणायचे. आता सरकारलाच तिखट हवं झालं होतं. म्हाताऱ्या आणि निराधार लोकांच्या पेन्शनवर देखरेख करणारं हे स्वतंत्र सल्लागार मंडळ. ज्यांची नावं यादीतून कापली जातात त्यांच्या हरकती ऐकायच्या, आणि सगळ्या सदस्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुठलीही हरकत फेटाळायची नाही. म्हटलं, ठीक आहे, आता बघतेच एकेकाला.

पहिल्या सभेला अर्धा तास आधी पोचले. सभागृहाबाहेरच्या बाकावर पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची वाटावी अशी एक म्हातारी बसली होती. मला पाहून ती उठली.

“आल्या का बाई?”

“आले. तुम्ही कोण मावशी?”

“गोजराबाई. वरीस झालं, पेन्शन बंद हाय. गोळ्या-औषध त्याच्यावरच व्हतं. साहेब लोकं म्हंत्यात, मी पत्त्यावर सापडत नाय.”

“का सापडत नाही?”

“द्राक्षाच्या दिवसांत आमचा सगळा पाडा दिंडोरीला बागांवर जातो. मी नातवंडं सांभाळाया जाते. साहेब तवाच येतो, दाराला कडी पाहून माघारी जातो.”

माझं डोकंच फिरलं. “मावशी, हे मी आत्ता विचारते की नाही बघा.” तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला उगीचच अवघडल्यासारखं झालं.

आत शिपायाने सगळ्यांपुढे चहा ठेवला. माझा तेवढा बिनसाखरेचा होता. मी तसाच पिते, पण इथे कुणाला काही सांगितलं नव्हतं. वय बघून दिला असेल, असं म्हणून प्यायले.

मग कारकून हर्षलने कागद वाटले. दुसऱ्या पानावर माझंच नाव होतं.

‘सदस्या श्रीमती उज्वला देवरे यांनी विचारणा केली की, ऐन द्राक्षांच्या हंगामात पडताळणी केल्यास पाड्यावर कोण भेटणार? मा. अध्यक्षांनी खुलासा केला. सदस्यांचे समाधान झाले. अर्जदार गोजराबाई यांची हरकत फेटाळण्यात आली.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. हा प्रश्न मला अर्ध्या तासापूर्वी बाकाजवळ सुचला होता. तो अजून तोंडातून बाहेरही पडला नव्हता.

घाबरले की मी भांडते. “सभा व्हायच्या आधीच इतिवृत्त लिहून ठेवता? मग आम्हाला काय चहा प्यायला बोलावलंत?”

अध्यक्ष शेखरराव निवृत्त अधिकारी, अतिशय मऊ बोलणारे. “देवरेबाई, हे आजचं नाही. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, हाच आपला पहिला विषय असतो.”

“मागच्या सभेला मी नव्हते. आज माझी पहिली सभा आहे.”

हर्षलने हजेरीवही माझ्यापुढे सरकवली. वर्षभरातल्या चार सभा, चार सह्या. शेवटच्या ‘रे’ची मात्रा पार पुढच्या रकान्यात गेलेली. तशी सही माझ्याशिवाय कुणी करत नाही.

“दर वेळी तुम्ही हाच प्रश्न विचारता,” अध्यक्ष म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती की राग नव्हता. “अगदी ह्याच शब्दांत.”

मी शेजारी बसलेल्या सहादू अण्णांकडे वळले. नांदगावचे धान्याचे व्यापारी, जुनेजाणते गृहस्थ. “अण्णा, तुम्ही तरी सांगा. मी आले होते का हो मागच्या वेळी?”

“मला कसं ठाऊक असणार ताई?” अण्णा म्हणाले. “माझी आज पहिलीच सभा.”

वहीत माझ्या सहीच्या खाली त्यांची सही होती. चारही वेळा.

मला खरोखर भीती वाटली. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते, भर अकराची वेळ होती, आणि त्या खोलीत मला माझेच हात परके वाटायला लागले. मी उभी राहिले. “आज मी सही करणार नाही.”

“नका करू,” अध्यक्ष म्हणाले. “सभेत तुम्ही कधीच करत नाही. संध्याकाळी हर्षल कागद घेऊन घरी येतो, तेव्हा करता.”

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. गोजराबाई बाकावर होती. मी तिचा हात धरला, खरखरीत आणि गरम होता.

“मावशी, आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला. संध्याकाळी कागद येईल तेव्हा माझ्या शेजारी बसा. मी पेन उचललं की माझा हात धरायचा. मी कितीही ओरडले तरी सोडायचा नाही.”

“मागच्या टायमाला आले व्हते बाई,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्या शेजारीच बसले व्हते. हात बी धरला व्हता.”

“मग?”

“तुमी त्या कागदवाल्या पोराला इचारलं, माझा हात कोनी धरलाय का रे? तो म्हनला, इथं तर कोनी नाय. तुमी माझ्याकडं पाह्यलं. चांगलं पाह्यलं. आन् म्हनल्या, हो, कोनी नाय.”

“या वेळी तसं होणार नाही,” मी म्हटलं, आणि तिचा हात आणखी घट्ट धरून जिना उतरायला लागले. म्हातारी एकेक पायरी जपून उतरत होती. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून मी शेवटच्या पायरीवर वळून विचारलं.

“मावशी, तुमचं नाव काय? आणि काम काय होतं तुमचं?”