साळूचा दगडी धनी

चैत्राचा तिसरा प्रहर. अग्निवर्ण, निर्दय, उपसलेल्या खड्गासारखा लखलखणारा. उन्हाने माळाची कातडी सोलून काढली होती; पांगाऱ्याच्या फुलाफुलातून झाडांचे रक्त ठिबकत होते.

वेशीबाहेर वीरगळ उभा होता. शेंदूरचर्चित, धूपगंधित, विशालवक्ष. गुरे हाकून नेणाऱ्या लुटारूंशी झुंजताना सटवाजी नाहीसा झाला, रक्ताळलेले पागोटे तेवढे सापडले, म्हणून गावाने त्याला पाषाणात कोरून घेतला. खालच्या कप्प्यात तो एकटाच लुटारूंची चळत कापत होता; वरच्या कप्प्यात दोन अप्सरा त्याला स्वर्गी नेत होत्या. त्याच्या बायकोने, साळूने, खरे तर एकीलाच परवानगी दिली होती. छाती मात्र तिनेच रुंद करवून घेतली. तेव्हापासून ती वीराची अस्तुरी. पाणवठ्यावर पहिली घागर तिची.

आज गाव पूजेला जमले असता उन्हातून एक माणूस आला. कृश, धूलिधूसर, लंगडता. मूर्तीपुढे थबकला.

"ह्यो कोन?"

"सटवाजी. आमचा वीर," पाटील म्हणाले.

"आन् मग मी कोन? मीच सटवा! वार बसला अन् पळालो, पाटील. लाजंनं परत आलो न्हाई."

"सटवा मेला! त्याच्या नवसानं गावात पोरं होत्यात!" पाटील गरजले. त्या दिवशी पळताना पाटील त्याच्या पुढेच होते. पण त्यांना कुणी कोरले नव्हते.

पहिला दगड भुवईवर बसला. दुसरा बरगडीवर. हात भक्तांचे होते; नेमही श्रद्धेचा होता. तो कोसळला. धुळीवर रक्ताची नक्षी उमटली.

"साळू, ह्यो तुझा धनी हाय? न्हाई म्हन, आत्ता संपिवतो!" पाटील पूजेचे ताट धरून उभ्या असलेल्या साळूवर ओरडले.

साळूने पाषाणाकडे पाहिले. निष्कंप, निष्कलंक, कधीही न घोरणारा. मग मातीत लोळणाऱ्याकडे. कापरा, किडमिडा, रक्तलिप्त. एका नकारात तिचा वीर अभंग राहणार होता, आणि पाणवठ्यावरचा मानही.

पूजेचे ताट खणाणत पडले. ती धावली, त्याला उभा केला, आणि त्या रक्ताळ गालावर अशी चपराक हाणली की दगड धरलेले हात वरच्या वर थिजले.

"कुठं उलथला हुता वो एवढं दिस?"

देवाला असे कुणी विचारीत नाही. गावाला उत्तर मिळाले. दगड पुन्हा सुटले, आता दोघांवर.

ती त्याला दंडाला धरून ओढत निघाली. कपाळातून रक्त, तोंडातून शिव्या, एक गावाला, एक धन्याला. मागे दगडांचा वर्षाव. पुढे तांबडा, तापला, अफाट माळ. आणि माळावर दोन सावल्या, एक लंगडणारी, एक भांडणारी, एकमेकींत अडखळत, लांब, लांब, लांब होत जाणाऱ्या.