लवूची दाढ

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाळी विणणारा लवू सगळ्यांना भित्रा वाटे. तो होडीवर जात नसे, कोयतीला हात लावत नसे. त्याच्या मामाची दाढ गावातल्या कोणीतरी उपटली होती. रक्त थांबलं नाही आणि मामा गेला. लवूलाही जरा खरचटलं की दिवसभर रक्त वाही. पण हे त्याने बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

पावसाळा सरला आणि त्याचीच दाढ ठणकू लागली. त्याच्या बायकोने, सत्यवतीने, त्याला ओढतच वेंगुर्ल्याच्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं.

खुर्चीत बसताच लवू म्हणाला, "डॉक्टर, माका दाढ काडूची नाय. माझ्या मामाची काडली, रगात थांबलाच नाय. तो गेलो."

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "बरं झालं आधी सांगितलंत. आजोळी आणखी कोणाला असं होतं?"

"आवशीच्या दुसऱ्या भावाक. तोय ल्हान असतानाच गेलो."

डॉक्टरांनी तोंड नीट पाहिलं. हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. रक्ताच्या भीतीने लवू दात घासतच नसे.

"न घासल्यानेच हिरड्या सुजतात, आणि सुजल्या की रक्त येतं. मऊ ब्रशने हलके हलके घासा. अ‍ॅस्पिरिनची गोळी घेऊ नका, तिने रक्त जास्त वाहतं. ही दाढ भरून वाचेल. कधी काढायचीच झाली, तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, रक्त चढवायची सोय पाहूनच."

सुई न टोचता, पायाने फिरवायच्या यंत्राने त्यांनी कीड हळूहळू काढली आणि लवंगेच्या तेलात कालवलेला लेप भरला. लवूने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण रक्ताचा थेंब आला नाही. थोड्या वेळात ठणका ओसरला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "बहीण आहे? तिला मुलगा? हे आईकडून मुलग्यांत उतरतं."

लवूने मान डोलावली. देवगडला दिलेल्या त्याच्या बहिणीचा, जानकीचा, मुलगा नुकताच रांगू लागला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं एस्.टी.ने देवगडला गेली. बाळाच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग होते. लवूने जानकीच्या सासूसमोरच सगळं सांगितलं. जानकी आधी रडली, मग तिने डोळे पुसले.

"दादा, लोक म्हणत होते, मी पोराक मारतंय!"

सासूने बाळाला मांडीवर घेतलं. "चुकलंय गो बाय," ती म्हणाली. मग लवूकडे वळली, "आणि तू आज खंय जातंस? जेवन आसा. रव."

लवू राहिला. रात्री अंगणात बसून तो बाळाला आपली बोटं धरायला देऊन नाचवत होता, आणि सत्यवती जानकीला मऊ ब्रश कुठे मिळतो ते सांगत होती.