न बोलावता वर आलेले मासे

अण्णा खाद्याच्या घमेल्यावर पत्र्याचा मग आपटायचे, टण टण टण, आणि तलावातल्या जाळीच्या पिंजऱ्यांमधले मासे वर यायचे. सतरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. आज मात्र त्यांची लेक तरंगत्या फळ्यांवरून अण्णांच्या मागोमाग पोचली तेव्हा मासे आधीच वर होते. न बोलावता. तोंडं पाण्याबाहेर काढून नुसती उघडझाप करत होते.

"बघ, कसे वखवखलेत!" अण्णा खूश झाले. पोटभर खाऊ घालणं म्हणजे माया, एवढंच त्यांना ठाऊक. लेकीलाही त्यांनी तसंच वाढवलं होतं, ती नको नको म्हणेपर्यंत.

"थांबा अण्णा, आधी परात बघू."

परात दोरीने पिंजऱ्यात खोल सोडलेली असे. कालच्या खाद्याच्या गोळ्या तीत उरल्या असतील तर आज खाद्य कमी टाकायचं. अण्णांना हे सगळं थोतांड वाटायचं. तिने दोरी ओढली तर परात जड लागली. आत फुगून लगदा झालेल्या गोळ्या, वर काळा गाळ, आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा की तिने तोंड फिरवलं. याच तलावाचं पाणी सगळी वस्ती पीत होती.

"हे भुकेले नाहीत हो. जीव गुदमरतोय त्यांचा. तळाशी आपलंच खाद्य कुजतंय, ते पाण्यातली हवा शोषून घेतंय. त्यात दोन दिवस वारा नाही, म्हणजे नवी हवा पाण्यात मिसळतच नाही."

"मला शिकवतेस? उपाशी जीवच असं तोंड वासतो!"

आणि त्यांनी अख्खं घमेलं रिकामं केलं. गोळ्या माशांच्या पाठीवर पडल्या. एकानेही तोंड लावलं नाही. गोळ्या भिजल्या आणि सावकाश खाली गेल्या. मग एक मासा उलटा झाला. मग आणखी चार.

"अगं ए," काठावरून वस्तीतल्या मावशीची हाक आली, "पाणी भरू की नको?"

मावशी बादली हातात धरून पायरीवर उभी होती. तिच्या पायांपाशी तलावातले मोकळे, बोटभर लांबीचे मासे दाटीने जमले होते. अण्णांच्या पिंजऱ्यात ते कधी गेले नव्हते. तरी सगळ्यांची तोंडं वर, उघडी.

अण्णांनी तिकडे पाहिलं. त्यांच्या हातातला मग फळीवर पडला.

"ते तर आपले नाहीत," ते कसंबसं म्हणाले. "त्यांना कुठे आपण खायला घातलं? तरी तेही गुदमरतायत?"