भिंतीपलीकडचे रडणे

राजा जॉन यांचे पुत्र राजा हेन्री यांच्या राज्याच्या एकतिसाव्या वर्षी, संत मार्टिनच्या सणानंतरच्या सोमवारी, श्रॉपशर परगण्यातील एल्मस्टो येथील गढीच्या दिवाणखान्यात बारा पंचांनी शपथ घेतली. आणि राजाच्या जमीन-अधिकाऱ्याचा लेखनिक या नात्याने मी त्यांचा निवाडा टिपण्यास बसलो.

प्रश्न एकच होता. एल्मस्टो ही इडोनियाबाईंची माहेरची जहागीर. त्या बाळंतपणात वारल्या आणि मूलही राहिले नाही. अशा वेळी आमच्या देशाचा रिवाज असा, की मूल जिवंत जन्मून चार भिंतींच्या आत त्याचे रडणे ऐकू आले असेल, तर पतीने ती जमीन आमरण भोगावी, मग ते मूल घटकाभरच का जगेना. रडणे ऐकू आले नसेल, तर पतीने उठावे आणि जमीन पत्नीच्या वारसाला मिळावी. येथे वारस म्हणजे इडोनियाबाईंची धाकटी बहीण अमाबिल. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव, आणि रडण्याविषयी स्त्रीची साक्ष ग्राह्य नाही. म्हणजे भिंतीबाहेरच्या पुरुषाच्या कानावर सगळी जहागीर तोलायची! हा रिवाज मला कधीच पटला नाही; परंतु लेखनिकाला मत विचारण्याचा रिवाज तर मुळीच नाही.

इडोनियाबाईंचे पती सर वॉरिन दिवाणखान्याला लागूनच असलेल्या बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून उभे होते. महिनाभरात माणूस निम्मा झाला होता.

"मी इथेच, या दारात होतो," ते म्हणाले. "मूल रडलं. मी ऐकलं."

"पाच गावं पदरात पडायची असली की कान फार तिखट होतात, दाजी," अमाबिल म्हणाली.

"बाईसाहेब, जरा दमानं," पंचांचे मुखिया ऑस्बर्न म्हणाले. सत्तरी उलटलेला हा मेंढ्यांचा धनी घाई कशाचीच करीत नसे. त्यांनी सुईणीला पुढे बोलावले. "गोडेलीफ, रडण्याचं तुला विचारत नाही, विचारता येत नाही. मुलावर पाणी घातलंस का, तेवढं सांग."

जिवंत मूल हाती लागले आणि पाद्री जवळ नसला, तर सुईणीनेच पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"नाही घातलं," गोडेलीफ म्हणाली. "निष्प्राणाला पाणी घालायला मी काय खुळी आहे?"

"पुरलं कुठं?"

"चर्चच्या कुंपणाबाहेर, बिनबाप्तिस्म्याची पुरतात तिथं. खड्डा सरकारांनीच दाखवला."

ऑस्बर्न वॉरिनकडे वळले. "सरकार, रडणारं पोर तुम्ही पाण्यावाचून, कुंपणाबाहेर कसं जाऊ दिलंत?"

तेवढ्यात सायंप्रार्थनेची घंटा झाली, आणि भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला.

तो बारीक होता, ओलसर होता, आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा जसा मध्येच श्वास अडकतो तसा अडकत होता. खोलीला आमच्या कचेरीचे कुलूप होते आणि किल्ली माझ्या दौतीशेजारी पडलेली होती. दोन पंच ती घेऊन आत गेले. उघडा पलंग, थंड चूल, रिकामा पाळणा. "कुठं काय?" एकाने आतून विचारले, "आवाज थांबला का?" आवाज थांबला नव्हता. तो आम्हांला बाहेर ऐकू येत होता. आत त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. अमाबिलने छातीवर क्रुसाची खूण केली.

वॉरिनचा चेहरा मात्र उजळला. "हाच! हाच तो आवाज! आता तरी पटलं?"

"पटलं," ऑस्बर्न म्हणाले. "पण सरकार, पहिल्यांदा कधी ऐकलात?"

वॉरिननीही पंचांसारखीच संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेतली होती; तिच्यावर ते एकदा खोटे बोलले होते, दुसऱ्यांदा त्यांची जीभ वळेना.

"पुरल्यावर तिसऱ्या दिवशी. याच घंटेला," वॉरिन शेवटी म्हणाले. "बाळंतपणाच्या दिवशी दारात खूप वाट पाहिली. काहीच आलं नाही. आता मात्र रोज येतं. मी भिंतीशी बसलो की हळूहळू निजतं. मला इथून उठवलंत, तर त्याच्याजवळ कोण बसेल?"



पंच अंगणात गेले. ते परतेपर्यंत वॉरिन भिंतीशी टेकून खाली बसले होते, तळहात दगडावर ठेवून. आणि आवाज खरोखरच मंदावत गेला होता. ऑस्बर्न त्यांच्याकडे न पाहता माझ्या मेजापुढे उभे राहिले.

"लिहा. मूल रडतं, हे आम्ही ऐकलं. जिवंतपणी ते रडलं नाही. जमीन अमाबिलबाईंची."